पट्टीखालची चीर

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रशिक्षण संस्थेचे विश्वस्त माननीय सुयशराव वैद्य, विमानांच्या हँगरमधली ड्युटी बदलून मुद्दाम भिवंडीपर्यंत आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आदरणीय भाऊ गुप्ते सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, माझे सहकारी, पालकवर्ग आणि विद्यार्थीमित्रांनो, आपणा सर्वांना मृणाली केणेचा नमस्कार.

निवेदिकेने आत्ता माझी ओळख सरांची लाडकी विद्यार्थिनी अशी करून दिली. तिचा गैरसमज आहे. २००४ साली मी इथे शिकायला आले, तेव्हा माझा पहिला पत्रा सरांनी सात वेळा टोपलीत टाकला होता. आठव्या वेळी टेबलावर ठेवला. तेवढंच काय ते लाड.

मी दिघाशीची. विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती शिकायला जाते म्हटल्यावर माझी आई राहीबाई म्हणाली होती, "पत्रं ठोकाचं काम हाय ना ह्ये? त्याला भिवंडीला कशाला जावाला पायजे?" आई आज इथे पहिल्या रांगेत आहे, म्हणून पालकांसाठी थोडं सांगते. विमानाचं अंग म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्याखालचा सांगाडा. त्याला कधीतरी केसासारखी बारीक चीर पडते. चिरेच्या टोकाला एक छोटं भोक पाडायचं, म्हणजे ती तिथे थांबते. मग वर पट्टी ठेवायची आणि रिव्हेट, म्हणजे चपट्या डोक्याचे खिळे, ठोकायचे. पण पट्टी बसवण्याआधी तपासनीसाने स्वतःच्या डोळ्यांनी आतलं काम बघायचं आणि मगच पट्टीवर आपल्या क्रमांकाचा शिक्का मारायचा. एकदा पट्टी बसली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पुढचे सगळे त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतात. उडणारेसुद्धा.

सरांनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. आम्हाला वाटलं, सर कडक आहेत.

गेल्या आठवड्यात मी सरांना विचारलं, माझ्या भाषणात काय बोलू? सर म्हणाले, "माझं कौतुक करू नकोस. शेपटाचं सांग." मी म्हटलं, सर, निरोप समारंभात कसं सांगणार? माननीय अध्यक्षांची परवानगी मी कालच घेतली आहे. काकूंचीही घेतली आहे. तेव्हा सांगते.

आपल्या जुन्या शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एका छोट्या विमानाचं शेपूट होतं. शिकाऊ वैमानिकांच्या दोन जणांच्या विमानाचं. संस्था सुरू झाली तेव्हा सरांनीच ते विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबच्या भंगारातून खटपट करून आणलं होतं. कागदावर कारण होतं, सरावासाठी. पण पाच वर्षांत कुणालाही त्यावर सराव करू दिला नव्हता. कुणी ताडपत्रीला हात लावला तर सर लांबूनच म्हणायचे, "ते राहू दे."

आपली जुनी शेड निजामपुऱ्यात, चारी बाजूंनी कापडाचे लूम. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. पण त्या वर्षांत भारनियमन किती होतं ते तुम्हाला आठवत असेल. दुपारी वीज गेली की सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबायचे. आपला कंप्रेसरही थांबायचा. आणि मग त्या ताडपत्रीखालून आवाज यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

माझ्या बॅचची करिष्मा म्हणायची, त्याच्यात बाई हाय. मुलं हसायची, पण कोपऱ्याकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. सरांनी कारण सांगितलं होतं. वर सिमेंटचे पत्रे तापतात, खाली ॲल्युमिनियम तापतं, वाकलेला भाग ताणला जातो आणि आवाज करतो. अगदी शास्त्रशुद्ध कारण. पण वीज गेली की सर स्वतः मात्र शेडमध्ये थांबत नसत. फाटकाबाहेर जाऊन उन्हात उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, सिगारेटला जातात. सर सिगारेट ओढत नाहीत हे मला फार उशिरा कळलं.

२००६चा मे महिना. आमची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. जुनी दुरुस्ती उघडून तपासणं, हा विषय होता, आणि सरावासाठी एकही जुनी पट्टी शिल्लक नव्हती. त्या दिवशी सर कामासाठी ठाण्याला गेले होते. मी ताडपत्री बाजूला केली.

मी ते का केलं, असं आज विचाराल तर सांगते. परीक्षेसाठी, हे खरं. पण त्या आवाजाची भीती एकदाची संपवायची होती, हेही खरं.

आतल्या मुख्य कण्यावर, शेपूट जिथे धडाला जोडलं जातं तिथे, हाताच्या पंजाएवढी पट्टी होती. मी एकेक रिव्हेट ड्रिल करून काढला. पट्टी उचलली. खाली चीर होती, आणि तिच्या टोकाला भोक नव्हतं. ती पट्टीखालून सरकत सरकत पलीकडच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथून पुढे कणा तुटला होता. नवं तुटलेलं ॲल्युमिनियम चमकतं. जुनी चीर हवा लागून काळपट होते. त्या तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळा होता. म्हणजे विमान जमिनीवर आदळण्याच्या खूप आधीपासून तो कणा तुटत चालला होता.

मी पट्टीच्या वरच्या बाजूची धूळ पुसली. कोपऱ्यात शिक्का होता. एकेचाळीस.

हा आकडा ओळखायला मला कष्ट पडले नाहीत. माझ्या स्वतःच्या सरावाच्या पत्र्यांवर दोन वर्षं तोच शिक्का पडत होता.

सर दुपारी परतले तेव्हा वीज गेलेली होती. मी पट्टी हातात घेऊन उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या कण्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. मग म्हणाले, "भोक नाही ना?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

मग सरांनी सांगितलं. १९९८ सालची गोष्ट. तेव्हा ते त्याच क्लबच्या हँगरमध्ये तपासनीस होते. त्या दिवशी तीन विमानं तपासणीला खोळंबली होती. सर पोहोचले तेव्हा त्यातल्या एकावर कारागिराने पट्टी आधीच बसवून टाकली होती. चीर बंद केली आहे साहेब, असं त्याने सांगितलं. पट्टी उघडायला लावली असती तर अर्धा दिवस गेला असता. सरांनी शिक्का मारला. सहा आठवड्यांनी ते विमान उतरताना कोसळलं. आत एकटी मुलगी होती. रुचिरा दामले, वय एकोणीस. चौकशी झाली. शेपूट आदळल्यामुळे तुटलं असं धरलं गेलं आणि अहवालात लिहिलं गेलं, वैमानिकाची चूक.

"तो अहवाल वाचून मी सुटलो म्हणून श्वास सोडला," सर म्हणाले. "तेव्हापासून तोच श्वास मला ऐकू येतो. मला खात्री नव्हती, मृणाली. खात्री करून घ्यायचीही नव्हती. हे शेपूट दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून आणलं, की माझ्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून, ते मला आजही कळत नाही."

आणि मग सर असं काही बोलले की ते मी इथे सांगू की नको, यावर मी रात्रभर विचार केला. पण सरांनीच बजावलं आहे, काही गाळू नकोस. सर म्हणाले, "पट्टी परत बसव. परीक्षा झाली की तू तुझ्या वाटेने जाशील."

मी बावीस वर्षांची होते. माझं प्रमाणपत्र त्यांच्या सहीवर अवलंबून होतं. आणि खरं सांगते, मला तो माणूस त्या क्षणी फार केविलवाणा वाटला. मी पट्टी जागेवर धरलीसुद्धा. मग माझ्या तोंडून निघालं, "बसवते. पण सर, आतलं बघितलं म्हणून शिक्का कोण मारणार?"

लूम अजून बंदच होते. सर उठले, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि रुमालात गुंडाळली.

रुचिराच्या आई, शुभदाताई, तेव्हा वज्रेश्वरीला बहिणीकडे राहत होत्या. सरांना पत्ता ठाऊक होता. याआधी ते तीनदा एसटीने तिथवर गेले होते आणि तिन्ही वेळा गरम पाण्याच्या कुंडापाशी बसून परतीची गाडी पकडून आले होते. चौथ्या वेळी मला म्हणाले, तू सोबत चल, मी कुंडाकडे वळलो तर मला वळू देऊ नकोस. ते वळले. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. असं आपल्या शिक्षकांपुढे उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

शुभदाताईंनी आम्हाला बसायला सांगितलं. सरांनी रुमाल उघडून पट्टी समोर ठेवली आणि एकही शब्द न चुकवता सगळं सांगितलं. ताई शाळेत शिकवायच्या. उत्तरपत्रिका तपासावी तशा शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "या मुलीने उघडलं नसतं तर तुम्ही आला असता का?"

सर म्हणाले, "नाही."

ताईंनी मान हलवली. म्हणाल्या, "आठ वर्षं मी तिच्यावर रागावले होते. रोज. इतकी शिकलीस आणि उतरता आलं नाही तुला, असं मी माझ्या मेलेल्या लेकीला म्हणत होते. त्याचं काय करायचं, ते सांगा मला." आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

सरांनी लेखी जबाब दिला. पट्टी आणि कणा तपासणीला गेला. वर्षभराने पत्र आलं. पहिला निष्कर्ष रद्द केला होता आणि वैमानिकाची चूक हे शब्द काढले होते. त्या जागी सदोष दुरुस्ती असं लिहिलं होतं. सरांचा परवाना गेला. त्यांनी संस्थेकडे राजीनामाही दिला होता. माननीय वैद्य साहेबांनी तो स्वीकारला नाही. शिकवा, पण सही करू नका, असं सांगितलं. मी तोवर परीक्षा देऊन इथेच कामाला लागले होते, म्हणून गेली दोन वर्षं शिकवतात सर आणि सही असते माझी.

पत्र आलं त्या महिन्यात शुभदाताई एकदा शेडवर आल्या. तपासणीहून परत आलेलं शेपूट त्यांना बघायचं होतं. मी ताडपत्री काढली. त्यांनी उघड्या कण्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मग सरांकडे न बघता म्हणाल्या, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण हे झाकू नका. इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला दाखवा. आणि तिचं नाव सांगा."

तेव्हापासून प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी सर त्या शेपटापाशी उभे राहतात. रुचिरा दामले, वय एकोणीस, असं म्हणतात. हा शिक्का माझा, असं म्हणतात. आम्हाला वाटलं होतं, सांगून सांगून सोपं होईल. झालं नाही. वीज गेली की सर आता बाहेर जात नाहीत, एवढाच फरक. आत बसून राहतात.

सोमवारी नवी बॅच येते आहे, आणि सर नसतील. मी त्यांना विचारलं, तुमचं नाव न घेता सांगितलं तर चालेल का? सर म्हणाले, "नाव घे. नाव काढलंस तर पोरांना वाटेल, असं कुणाच्या तरी बाबतीत घडलं होतं." म्हणून आज भरल्या सभागृहात ते नाव मी घेतलं. सर, मला जमलं की नाही, मला माहीत नाही. सोमवारी मात्र जमवावंच लागेल.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, काकूंनी मन घट्ट करून ऐकलं, आणि आपण सर्व एवढा वेळ शांत बसलात, यासाठी मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करावी. पण सांगण्यात काही चूक झाली असेल, काही राहून गेलं असेल, तर ते मात्र पोटात घालू नका. मी खाली उतरल्यावर मला येऊन सांगा.

नमस्कार.