तेरावी खोली

मंडळी, ऐका! पेटी जरा हळू. तबला त्याहून हळू. आज मला सुरात बोलायचं नाही. आज मी चिडून आलोय, आणि कोणावर चिडलोय ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर निम्मे लोक चपला शोधायला लागतील!

आधी प्रश्न. देवाच्या वचनातलं अक्षर न् अक्षर मोजणारा माणूस देवालाच दाराबाहेर ठेवू शकतो का?

काय दादा, तुम्ही पुढच्या रांगेतले! हो की नाही? मान उभी हलवा नाहीतर आडवी. गोल फिरवू नका!

बरं. नगर जिल्ह्यातली एक वाडी. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणणार, "हां, तिथले लोक तसेच!" आणि आपण सुटलो, असं समजून घरी जाणार. तर एक वाडी. तिथं दगडी देऊळ, ख्रिस्ती मंडळीचं. देवळासमोर अंगण, आणि अंगणापलीकडं मिशनच्या काळातली बैठी चाळ. खोल्या तेरा. राहणारी कुटुंबं बारा. तेराव्या खोलीला कुलूप.

पहिल्या खोलीत राहायचे हनोख मास्तर. हनोख पाटोळे. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा परमुलखात. आणि या माणसाला एकच नाद — हिब्रू, जुन्या कराराची मूळ भाषा! तरुणपणी पुण्यात शिकायला होते, तिथं रास्ता पेठेत एक बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, म्हातारे भेटले, रेल्वेत नोकरी केलेले. वाकरूळकरभाऊ म्हणायचे त्यांना. भाऊंनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. "हे आलेफ. आलेफ म्हणजे बैल. हे बेथ. बेथ म्हणजे घर. प्रत्येक अक्षर एक वस्तू आहे, पाटोळे, आणि प्रत्येक अक्षर एक आकडाही आहे. आलेफ एक, बेथ दोन." हनोख खुळावलेच! अक्षर, वस्तू, आकडा — तिन्ही एकात! वाकरूळकरभाऊ एवढंच म्हणाले होते, "आमचे जुने लेखक अक्षरं मोजायचे, का ठाऊक आहे? नक्कल करताना एकही हरवू नये म्हणून. शोध लावायला नव्हे, सांभाळायला."

हे वाक्य मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. आणि वही ठेवली पेटीत! असंच करतो ना आपण? चांगलं वाक्य ऐकलं की लिहून घ्यायचं, म्हणजे पाळायचं राहिलं तरी चालतं!

चाळीस वर्षं मास्तर आकडे मांडत राहिले. सात म्हणजे पूर्णता. चाळीस म्हणजे कसोटी. बारा म्हणजे देवाची व्यवस्था — बारा वंश, बारा प्रेषित, स्वर्गीय नगरीला बारा वेशी! रविवारी फळा लावून सांगायचे. लोक तोंडात बोट घालायचे. कळायचं नाही काही, पण अभिमान वाटायचा, की आमच्या वाडीत असा माणूस आहे!

आता एका चैत्रात, गुरुवारी सकाळी, केराबाई आली. बीडकडची. नवऱ्यानं दुसरी घरात आणली, हिला बाहेर काढलं. सोबत नऊ वर्षांची पोर. पोरीचं नाव सुवार्ता. केराबाईचा बाप याच देवळाच्या भिंती बांधणारा गवंडी. त्या नात्यानं आली होती बिचारी. अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "तेरावी खोली मोकळी आहे म्हणतात. झाडलोट करीन, मोलमजुरी करीन. पोरीला शाळेत घालायचंय."

मोकळी? अहो, कुठली मोकळी! मंडळीचे प्रमुख पंच थोमाअण्णा, त्यांच्या म्हशींचा कडबा होता आत! देवाच्या घरासमोर, कुलपात, कडबा! पण असं तोंडावर कसं सांगायचं? अण्णा गोड हसले. "बाई, मंडळीचा कारभार आहे. शास्त्र बघून ठरवू. रविवारी सांगू. तोवर शाळेच्या ओसरीवर टेका."

आणि संध्याकाळी अण्णा मास्तरांकडं. चहा झाला. अण्णा म्हणाले, "गुरुजी, बारा कुटुंबं म्हणजे बारा वंश, असं तुम्हीच शिकवलंत. आता तेरावं घुसलं तर?" मग अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. "या तुमच्या खोलीचंही कधीतरी बघायला हवं. निवृत्त माणसाला ठेवायचं की नाही, पंचांत विषय निघतोय. मी दाबून धरलाय."

कळलं ना? मास्तरांनाही कळलं! म्हातारपण, एकटं माणूस, जायचं कुठं? ते एवढंच म्हणाले, "बघतो शास्त्रात."

शनिवारी मास्तर कागद घेऊन बसले. तेराला काही वाईट सापडतंय का? सापडलं! तेराव्या वर्षी राजांनी बंड केलं, असं शास्त्रात आहे. बस्स! तेरा म्हणजे बंडखोरी! पण हाताला सवय लागलेली. हात आपोआप पुढची बेरीज करत गेला. 'एहाद' म्हणजे एक, तो एकच देव. आलेफ एक, हेथ आठ, दालेथ चार. तेरा! 'अहवा' म्हणजे प्रीती. एक, पाच, दोन, पाच. तेरा!

मास्तर थिजले. देव एक, तो तेरा. प्रीती, ती तेरा. म्हणजे ती बाई... ती पोर...

मंडळी, इथं या माणसाला देवानं हातात धरून उत्तर दिलं होतं! आणि त्यानं काय केलं? खोडलं! दोन्ही ओळींवर शाई फिरवली, कागदाची घडी केली आणि चुलीत टाकली. अजाणतेपणी नाही हो! अजाण माणसावर मी कशाला चिडू? याला ठाऊक होतं!

रविवार. देऊळ भरलं. फळ्यावर बारा वेशींची नगरी काढलेली, रंगीत खडूनं. केराबाईला सांगितलं, "बाहेरच थांबा, निर्णय झाला की कळवू." मास्तर बोलले. बारा म्हणजे देवाची व्यवस्था, तेरा म्हणजे बंड. छान बोलले! 'आमेन' पडले. एक जण बाहेर गेला, बाईला सांगून आला — "शास्त्राची परवानगी नाही."

अरे, नगरीला बारा वेशी हे मोजलंत! पण त्या वेशी कधीच लावून घेत नाहीत, हे चार ओळी पुढंच लिहिलंय, ते कोणी वाचायचं?

बरं, पुढं ऐका. भर दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला. आणि गारा! लिंबाएवढ्या गारा! शाळेच्या ओसरीचा पत्रा उडू लागला. केराबाईनं पोरीला पदराखाली घेतलं आणि पळाली ती समोरच्या चाळीकडं. बारा खोल्या बंद, माणसं सगळी देवळात. ती तेराव्या दाराशी वळचणीला चिकटली. आणि कुलूप हातात धरून ओरडायला लागली. "कुलूप काढा! अहो, कुणीतरी कुलूप काढा! पोरगी लहान आहे!"

फळ्याशेजारी खिडकी होती. मास्तरांना सगळं दिसत होतं. चाळीस पावलांवर! ते अण्णांकडं वळले. "अण्णा, किल्ली..."

किल्ली अण्णांच्या जाकिटाच्या खिशात. अण्णांनी खिशावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आत्ता उघडलं की कायमचं उघडलं, गुरुजी. गार काय, पाच मिनिटांत थांबेल." मग लोकांकडं वळून मोठ्यानं, "शेवटचं गीत! उभे राहा! जरा जोरात म्हणा, पत्र्यावर आवाज फार होतोय!"

आणि म्हटलं हो त्यांनी! जोरात म्हटलं! बाहेर बाई ओरडतेय आणि आत देवाची स्तुती वरच्या पट्टीत! मास्तरांनी एक पाऊल टाकलं. थांबले. आपली पहिली खोली डोळ्यापुढं आली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्याला वळचणीचा पत्रा सुटला आणि खाली आला.

नंतरची किंकाळी गीताच्या वर गेली.

तेव्हा कुठं मास्तर धावले! गारांत, अनवाणी. अंगणातली पहार उचलली आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं दोन घावांत कुलूप तोडलं. किल्ली मागितलीच नाही. पहार आधीही तिथंच होती, मंडळी! दार उघडलं. आतून कडबा कोसळला बाहेर. त्याच कडब्यावर पोरीला ठेवलं. उजवा हात पत्र्यानं चिरलेला.

मेली नाही हो. मेली असती तर तुम्ही दोन आसवं गाळून मोकळे झाला असता! ती जगली. तालुक्याच्या दवाखान्यात नेली, हात राहिला, तीन बोटं गेली. नऊ वर्षांच्या पोरीची, उजव्या हाताची!

पुढच्या रविवारी मास्तर फळ्यापुढं उभे राहिले. त्यांनी दोन शब्द लिहिले. म्हणाले, "हा 'सदाका'. म्हणजे न्याय, नीती. हा 'सआका'. म्हणजे आक्रोश. संदेष्टा म्हणतो, देव आपल्या लोकांत एक शोधायला आला आणि त्याला दुसरं ऐकू आलं. दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. इथं दालेथ, तिथं आयिन. दालेथ म्हणजे दार. आयिन म्हणजे डोळा. आपण दार काढून घेतलं. मग तिथं डोळा उरला, रडणारा. हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. तेरा म्हणजे प्रीती, हेही शनिवारी मला ठाऊक होतं. मी ते जाळलं. मी खोटं बोललो, देवाच्या भाषेत खोटं बोललो!"

अण्णा जागेवरून उठले. "गुरुजी, आता आमच्यावर ढकलू नका. आम्ही अडाणी माणसं. कुलूप आमचं होतं, पण हिशेब तुमचा होता!"

आणि अण्णा खरं बोलले होते! आयुष्यात एकदाच बोलले, पण खरं बोलले.

मास्तरांनी त्याच दिवशी पहिली खोली सोडली. दवाखान्यात गेले. केराबाई पोरीच्या उशाशी बसलेली. मास्तर हात जोडून म्हणाले, "बाई, पहिली खोली मोकळी केलीय. या. मला क्षमा करा. मी शब्दांचा अर्थ चुकीचा लावला."

केराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. मग म्हणाली —

"मास्तर, मला तुमचं हिब्रू येत नाही. मी मराठीतच ओरडत होते."

ती वाडीत परत गेली नाही. तालुक्यातच राहिली, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मास्तर जवळच एका गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला आले आणि रोज चार वाजता जाऊन पोरीला डाव्या हातानं लिहायला शिकवू लागले. केराबाईनं दार उघडं ठेवलं, पण 'बसा' म्हणायला तिला दीड वर्ष लागलं. मास्तर दीड वर्ष उंबऱ्याबाहेर बसून शिकवत होते. तक्रार नाही केली. कशाच्या तोंडानं करणार?

आता सांगतो, मी कोणावर चिडलोय. हिब्रूवर नाही! त्या अक्षरांनी तर खरं तेच सांगितलं होतं. अण्णांवर? त्यांच्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून नाही. मी चिडलोय त्या गाणाऱ्यांवर! ज्यांच्या खिशात किल्ली नव्हती, ज्यांना हिब्रू येत नव्हतं, ज्यांना नुसता आवाज चढवायला सांगितला आणि ज्यांनी तो चढवला! बारा कुटुंबांतलं एकही माणूस मध्येच गायचं थांबलं नाही. एकही! आणि तुम्ही-मी कोणत्या रांगेत होतो, मंडळी? सांगा! आपल्या गावात कुणाला वस्तीबाहेर बसवलंय, कुणाला 'रविवारी सांगू' म्हटलंय, आणि त्यासाठी शास्त्रातला कोणता शब्द पुढं केलाय? तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे!

आता मी भजन म्हणणार होतो. म्हणणार नाही. पेटी बंद करा. तबल्यावरचा हात काढा. टाळ्या नकोत, आमेन नको. दोन मिनिटं सगळे गप्प बसा, आणि ऐका — बाहेर कोण आहे?