उभ्यानं काढलेला एक्स-रे

हे सांगू नको असं अण्णांनी मला बजावलंय, म्हणून आपल्यातच ठेवा गं. अण्णा म्हणजे माझे वडील, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, भट्टीवर आहेत. त्यांचा गुडघा लई दुखतो, पण लंगडणाऱ्याला मुकादम गेटवरूनच परत पाठवतो. म्हणून सगळा भार चांगल्या पायावर टाकून ताठ उभं राहायची त्यांनी सवय करून घेतलीय. बसून करायचं काम मिळायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

झोपवून काढलेल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "उभ्यानं काढू. भार आला की झीज दिसते."

एक्स-रेवाले म्हणाले, "काका, दोन्ही पायांवर सारखा भार द्या."

"दिलाय की," अण्णा म्हणाले.

दुखऱ्या पायाची टाच टेकलीच नव्हती. मला दारातून दिसत होतं, पण परक्या माणसासमोर तोंड उघडलं नाही.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "गुडघा चांगला आहे. कामाचा कंटाळा करू नका."

बाहेर आल्यावर मी टाचेचं सांगितलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "सवयच लागलीया गं. आता परत कुठल्या तोंडानं आत जाऊ? आईला बोलू नको."

ते पुन्हा भट्टीवर जातात. आई रोज विचारते, उभ्यानं काढूनही कसं दिसलं नाही? आज मी तिला सांगणारच आहे की मी तिथंच उभी राहून सगळं...

थांबा गं, आई दारातून हाक मारतेय.

"अगं, ये की लवकर. अण्णास्नी पायरी चढवंना."