सिद्धूचं हेल्मेट

आमचा सिद्धू सोलापुरात उंच इमारतींना बाहेरून काचा बसवतो. एकदा मैंदर्गीहून त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेलो, तर वॉचमननं फाटकातच अडवलं.

"आजोबा, हेल्मेटबिगर आत जायचं न्हाय. वरून काच पडली म्हंजे?"

"मग द्या की एक."

"शिल्लक न्हाय."

त्यानं हाक मारून सिद्धूला खाली बोलावलं. पोरानं स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर घातलं आणि उघड्या डोक्यानं तो दोरावरच्या फळीवर बसून परत वर गेला.

मी आत जाऊन खालून ओरडलो, "आरं, हे काम शिकलास कुटं?"

"बघून बघून, आप्पा! तुमी हेल्मेट काढू नका, तितं लई धोका हाय!"

मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन हेल्मेट वॉचमनच्या हातात दिलं. "हे आधी पोराला पोचवा."

"व्हय की," म्हणून तो वळला, तेवढ्यात जीप आली. सुरक्षा तपासायला साहेब आले होते. वॉचमननं तेच हेल्मेट त्यांना घातलं. साहेबांनी आत जाऊन वर बघितलं आणि ते कडाडले, "त्या पोराचं हेल्मेट कुठाय?"

वॉचमन माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "तुमच्या डोक्यावर हाय, साहेब."