तीन नंबरच्या झोपडीतून परत आलेली ताटं

सालगा पोलीस चौकी, नामिबे प्रांत, अंगोला. वार शनिवार. जबाब लिहिण्यास सुरुवात सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

मी, युलालिया चिन्यामा, वडिलांचे नाव कै. फिरमिनो चिन्यामा, वय ४७ वर्षे, धंदा स्वयंपाक व पाहुण्यांच्या झोपड्यांची देखभाल, राहणार उखळ खाडी, कागदोपत्री प्राया दो पिलाव, ओळखपत्र जवळ नाही, लिहिता-वाचता येते, चौकीत आपल्या पायाने हजर होऊन सांगते की,

मी आठ वाजून दहा मिनिटांनी चौकीत पोचले. नऊ चाळीसपर्यंत मला बाकावर बसवून ठेवण्यात आले. ओळखपत्र नसलेल्या बाईचा जबाब घेता येतो की नाही, हे उपनिरीक्षक श्री. व्हेनांसियो यांना पुस्तकात बघावे लागले. घेता येतो.

आमच्या खाडीत तीन झोपड्या आहेत. भिंती बोरूच्या काड्यांच्या, आतून चटया लावलेल्या. मालक शहरात असतात. तिथे मी व माझा थोरला भाऊ झेफेरिनो, वय ६१, डाव्या पायाने अधू, असे दोघेच राहतो. गाडीला वाट एकच. एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र, मधे सात किलोमीटर वाळूची पट्टी. ओहोटीच्या अलीकडे दोन तास व पलीकडे दोन तास ती उघडी असते, एरवी पाण्याखाली. आज पूर्ण ओहोटी एक वाजता आहे. म्हणजे अकराला वाट उघडेल, तीनला बुडेल. चौकीपासून त्या वाटेच्या तोंडापर्यंत गाडीने सव्वा तास लागतो. मी वरच्या पठारावरून बकऱ्यांच्या वाटेने चार तास चालत आले.

तीन नंबरच्या झोपडीत दोना जांदिरा नावाच्या बाई आहेत. वय तिशीच्या आत. दोना हे आम्ही मानाने लावतो. त्यांच्या नवऱ्याने त्यांना आत बंद करून ठेवले आहे व त्या उठू शकत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. वाट उघडताच पोलिसांनी तिथे पोचावे, एवढ्यासाठी मी आले. बाकीचे साहेबांनी विचारले म्हणून सांगते.

साहेब म्हणाले, "मावशी, मुद्द्याचं तेवढंच बोला." मी म्हटले, मुद्द्याचेच बोलते आहे, आणि मी बोलेन तसे लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. त्यांनी मान्य केले.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पांढऱ्या गाडीतून सदर इसम, म्हणजे नवरा श्री. आदेलिनो, व दोना जांदिरा असे दोघे आले. शनिवारपर्यंत राहणार असे सांगितले. सदर इसम अंदाजे ४५ वर्षांचे, बोलायला गोड. कमरेला पिस्तूल होते. शहरातले मोठे लोक बाळगतात म्हणून मी काही विचारले नाही. साहेबांचे म्हणणे पडले की परवाना असेल.

कासिम्बोचे, म्हणजे थंडीच्या मोसमातले, धुके चार दिवस उठलेले नाही. दिवसाही खडकावरून झोपड्या दिसत नाहीत. त्यातून मंगळवारी दुपारपासून वारा नसताना मोठ्या लाटा सुरू झाल्या. आम्ही त्याला कालेमा म्हणतो. कालेमात एका झोपडीतला माणूस ओरडला तरी दुसऱ्या झोपडीत ऐकू येत नाही.

मंगळवारी दुपारी दोना जांदिरा माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. नको नको म्हणत असता मासळीचे खवले काढायला घेतले. खवले केसात गेले तरी हसत होत्या. जेवताना मिरची इतकी घेतली की झेफेरिनो म्हणाला, "पोरी, तुझ्या आतड्यांशी तुझं काही वैर आहे का? जरा दमानं." फक्त माशाचे डोके त्यांनी ताटाच्या कडेला सारले.

मी म्हटले, "डोक्यातच तर सगळी चव. ते टाकतात होय?"

त्या म्हणाल्या, "मावशी, तो माझ्याकडे बघतोय."

"मग तुम्ही डोळे मिटा. त्याला पापण्या नाहीत, तुम्हाला आहेत ना?"

त्या खूप हसल्या. सदर इसमाने ते डोके उचलून आपल्या ताटात घेतले, चोखून पार कोरडे केले, आणि काटा मधोमध मोडून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ताटात लावून ठेवले. आपल्या माशाचेही तसेच. मिरचीला त्यांनी बोट लावले नाही. तीस वर्षे मी लोकांची ताटे घासते. माणसाचे तोंड मी विसरते, ताट विसरत नाही.

बुधवारी सकाळी दोना जांदिरा पुन्हा आल्या. फोनला रेंज कुठे मिळेल असे विचारले. मी कड्यावरची जागा दाखवली. त्या म्हणाल्या, फोन नवऱ्याकडे आहे, गाडीत चार्जिंगला लावला आहे. मग म्हणाल्या, "इथून चालत जायला वाट आहे का?"

मी म्हटले, "आहे, पण बकऱ्यांची. सालगापर्यंत चार तास."

"सपाता चालतील?"

मी म्हटले, "नवऱ्याची एवढी गाडी दारात असताना पाय झिजवायची हौस कसली?"

त्या भांडी विसळू लागल्या. मी थट्टेत बोलले. त्यांनी थट्टेत विचारले नव्हते. हे मला त्याच वेळी समजायला हवे होते. समजले नाही याची मला लाज वाटते, असे लिहा. साहेब म्हणाले, जबाबात लाज लिहीत नाहीत. मी म्हटले, माझ्या जबाबात लिहा.

बुधवारी दुपारनंतर दोना जांदिरा मला दिसलेल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी सदर इसम स्वतः चुलीपाशी आले व म्हणाले, "मावशी, तिला कणकण आहे. ताटं मीच नेतो, तुम्ही कशाला दगदग करता?" मी दोन ताटे दिली. फुंजी, म्हणजे पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, मासा, वर मिरची. अर्ध्या तासाने दोन्ही ताटे परत आली. दोन्ही डोकी चोखलेली. दोन्ही काटे मधोमध मोडून शेजारी शेजारी लावलेले. मिरची दोन्ही ताटांत जशीच्या तशी.

मी ताटे झेफेरिनोला दाखवली. तो म्हणाला, "आजारी माणूस मिरची खात नाही." मी म्हटले, "आजारी माणूस डोकं चोखायला शिकतो का?" 

संध्याकाळी मी मुद्दाम एका ताटात मासा व दुसऱ्यात नुसती पेज दिली. सांगून पाठवले की पेज बाईंसाठी. माशाचे ताट नेहमीसारखे परत आले. पेज गेली तशीच परत आली, वर साय धरलेली. सदर इसम म्हणाले, "तिला तुमची पेज फार आवडली."

इथे साहेबांनी पेन खाली ठेवले व विचारले, "मावशी, गुन्ह्याच्या रकान्यात मी काय लिहू? माशाची मुंडकी?"

मी म्हटले, "लिहा. त्या रकान्यात याहून शिळं काय काय गेलं असेल."

शुक्रवारी दुपारी सदर इसम गळ घेऊन खडकावर गेले. मी धुतलेल्या चादरी घेऊन तीन नंबरपाशी गेले. दाराला बाहेरून साखळी व कुलूप होते. ते कुलूप आमचे नाही. मी मागच्या भिंतीशी जाऊन म्हटले, "दोना जांदिरा, मी युलालिया." उत्तर नाही. दोनदा म्हटले. मग भिंतीला कान लावला, तेव्हा आतून काड्यांवर नखाने ओरखडल्याचा आवाज आला. तीन वेळा. आवाज जमिनीपासून वीतभर उंचीवरून येत होता. उभे किंवा बसलेले माणूस तिथे ओरखडत नाही. मी वाकून काड्यांच्या फटीत बोट घातले. आतून माझे बोट धरण्यात आले. हात फार गरम होता.

साहेबांनी विचारले, तो हात बाईंचाच कशावरून? मी सांगितले, नखात माशाचा खवला होता, तो माझ्या बोटाला टोचला.

मागून सदर इसमाचा आवाज आला, "मावशी, तिला झोपू द्या." ते हसत होते. माझे बोट सोडण्यात आले. मी चादरी दाखवल्या व बदलायच्या आहेत असे म्हटले. ते म्हणाले, "उद्या आम्ही जाणारच आहोत. मग सगळंच बदला." त्यांचा हात पिस्तुलावर नव्हता. तिथे जाऊ शकेल इतका जवळ होता.

तेव्हाच दार का फोडले नाही, असे साहेबांनी विचारले. एका लंगड्या म्हाताऱ्याने व एका स्वयंपाकिणीने पिस्तुलासमोर काय फोडावे, हे साहेबांनी सांगावे.

मग सदर इसमाने विचारले, शनिवारी वाट किती वाजता उघडेल? मी सांगितले, संध्याकाळी पाचला. हे मी खोटे सांगितले. पाहुण्याला समुद्राबद्दल मी जन्मात कधी खोटे सांगितले नव्हते, कारण त्याने माणसे मरतात. पाचच्या भरवशावर तो थांबला तर तुम्हाला वेळ मिळेल, एवढाच माझा हिशेब. पण त्याने पाण्याकडे पाहिले नाही तोवरच माझे खोटे टिकेल. धुके उठले की संपले.

पहाटे चारला निघताना मी झेफेरिनोला म्हटले, "जाळं घे आणि तीन नंबरसमोर दुरुस्त करत बस. उठू नकोस."

तो म्हणाला, "आणि त्यानं ऊठ म्हटलं तर?"

"तर बहिरा हो. बायको होती तोवर वीस वर्षं झालाच होतास की."

तो हसला व जाळे घेऊन निघाला. त्या पायाने त्याला वाळूत चालायला त्रास होतो.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी मी वेळ विचारली व वाट आता उघडते आहे असे सांगितले. साहेब म्हणाले की चौकीची गाडी टायरसाठी शहरात गेली आहे. मोटारसायकल आहे, परंतु ती बाहेर काढायला गुन्हा दाखल असावा लागतो. बाई बेपत्ता असल्याची तक्रार फक्त नातेवाइकाला करता येते. मी नातेवाईक नाही. शिवाय बाई कुठे आहे हे तिच्या नवऱ्याला माहीत आहे, सबब बाई बेपत्ता नाही.

मी म्हटले, "साहेब, तुमच्या पुस्तकात अजून न मेलेल्या माणसासाठी एखादं पान आहे का?"

 साहेबांनी शहरातल्या कचेरीला रेडिओवरून विचारले. तिथले साहेब जेवायला गेले होते. मला पाणी व पाव देण्यात आला. पाणी प्यायले.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी पुन्हा वेळ विचारली. खिडकीबाहेर नाक्याचा आडवा बांबू व त्यापलीकडे टेकडी दिसत होती. टेकडी मी आले तेव्हा दिसत नव्हती. धुके उठले आहे, असे मी साहेबांना सांगितले. त्यांनी हवामान लिहून घेतले.

बारा वाजून दहा मिनिटांनी शहरातून उत्तर आले की जबाब पूर्ण करून घ्यावा, वाचून दाखवावा, सही घ्यावी, मग मोटारसायकल न्यावी. साहेब म्हणाले, "बघा, झालं की नाही काम!"

बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी नाक्यावर पांढरी गाडी थांबली. चाकामागे सदर इसम आदेलिनो बसलेले होते. शेजारची जागा रिकामी होती. मागच्या काचा काळ्या आहेत, आत काय होते ते मला दिसले नाही. गाडीची खालची बाजू वाळूने व समुद्राच्या पाण्याने ओली होती. सदर इसमाने काच खाली करून कागद दाखवले. शिपाई मोइझेस यांच्याशी काही बोलले. शिपाई हसले.

मी उठून ओरडले, "साहेब, हीच गाडी! थांबवा!"

साहेब लगेच उठले. टोपीशिवाय वाहन अडवता येत नाही असा नियम आहे. टोपी टेबलावर नव्हती. ती कपाटावर सापडली. मी तोपर्यंत बाहेर पळाले. बांबू वर गेला होता. सदर इसमाने मला पाहिले. त्यांनी हात हलवला, चांगल्या खानावळीतून निघताना पाहुणे हलवतात तसा. गाडी शहराच्या दिशेने निघून गेली. मी दगड मारला, तो लागला नाही.

ते काय बोलले असे मी शिपायांना विचारले. शिपाई म्हणाले, "काही नाही हो. म्हणाले, बायको अजून दोन दिवस राहतेय, तिला मावशींच्या हातचं फार आवडलंय."

झेफेरिनोबद्दल शिपायांनी काही विचारले नव्हते, सबब मला काही कळले नाही.

पुढच्या नाक्याला कळवण्यात आले असे साहेबांनी सांगितले.  या वेळी त्यांनी मला खाली बसा असे म्हटले नाही. वाट तीनपर्यंत उघडी आहे. मोटारसायकल आत्ता निघाली तर वाट बुडण्याआधी आम्ही पोचू. झोपडीच्या कुलुपाची किल्ली त्याच्याकडे असेल, म्हणून मी चौकीची कुऱ्हाड मागितली आहे. ती साहेबांनी स्वतः आणून माझ्या पायाशी ठेवली आहे.

जबाब वाचण्यात वेळ घालवू नये, सगळे बरोबरच असेल, अशी मी विनंती केली. सही वाचनाशिवाय धरता येत नाही म्हणून साहेबांनी उभ्यानेच, भरभर, सगळा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. फक्त वरती एका ठिकाणी "तीन नंबरच्या झोपडीत दोना जांदिरा नावाच्या बाई होत्या" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून "आहेत" असे करून घेतले. खाडाखोडीवर माझी सही आहे.

वेळ दुपारी १ वाजून २० मिनिटे.