एका भाकरीनं काय होतं?

नाही, मला सांगा, 'उपाशी ठेवा' याचा अर्थ काय होतो? साधं मराठी आहे ना? डॉक्टर अर्चनाताईंनी बजावलं होतं, "वाल्मिककाका, ऑपरेशनच्या आधी कालवडीच्या पोटात काही जायला नको. काही म्हणजे काही नाही!" मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तेही ओरडून, कारण तुम्हाला सांगतो, जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, हळू बोलणं मला जमतच नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आणि सगळ्या गल्लीनं ठरवलं... एका भाकरीनं काय होतं?

आमची तांबू. इथं सुरतेजवळ कामरेजला घरामागंच जन्मली, डोळे धड उघडले नाहीत तोच आई गेली तिची. आमच्या सरलाबाईनं, म्हणजे माझी बायको हो, बाटलीनं दूध पाजून वाढवली. आता तिला बेंबीपाशी हर्निया, फुगत चाललेला. आतडं अडकलं तर जीव जाईल म्हणाल्या डॉक्टर. म्हणून ऑपरेशन, तेही पूर्ण भूल देऊन.

आदल्या दिवशी बायका भेटायला यायला लागल्या, पोर सासरी निघाल्यासारख्या! शेजारची पुष्पाबाई पदराखाली भाकर घेऊन, "बिचारीचं उद्या पोट फाडणार, एक घास तर खाऊ द्या भाऊ!" मी असा ओरडलो की ती भाकरीसकट परत गेली. मग सरलाबाईला राखणीला बसवलं आणि गेलो पाळीवर. घरच्या माणसापेक्षा पक्की राखण कोणती, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी दवाखाना. तांबूला उताणी निजवली, घशात नळी, कानाच्या शिरेत बारीक सुई... हो, कानात! गायीचं बीपी कानात मोजतात, मलाही तिथंच कळलं. आम्ही दोघं दारात उभे. आणि मशीनपुढचे पराग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, बीपी लो होतंय."

मी दारातूनच, "मीठ-साखरेचं पाणी पाजा! माझं लो झालं की ही तेच पाजते!"

"काका, ती बेशुद्ध आहे!"

बरोबर आहे हो, पण माणसाला सुचतं का? अर्चनाताई भराभरा सांगत होत्या, भूल कमी करा, सलाईन जोरात सोडा... आणि तांबूचं पोट आपलं टम्म फुगत चाललेलं. त्या वळल्या. "हिचं पोट भरलेलंय! उताणी केल्यावर हे सगळं ओझं मोठ्या शिरेवर बसलंय, हृदयाकडं रक्त जाणार कसं? कोणी खायला घातलं?"

मी सरलाबाईकडं बघितलं. सरलाबाई फरशीकडं.

"आवो... पुष्पाबाई परत आली. मग बाकीच्या आल्या. गुजराती मावशी पण म्हणाल्या, एक रोटलीमां शुं थाय? गाईच्या तोंडचा घास मी कसा काढू? म्हटलं, एका भाकरीनं काय होतं..."

एकेक करत अख्ख्या गल्लीची भाकर! राग आला होता मला, पण ती दाराची चौकट धरून उभी होती आणि आत तांबूची जीभ बाहेर लोंबत होती. तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी हळू बोललो. म्हटलं, "तांबू, माय, जाऊ नको गं."

त्यांनी तिला जरा कुशीवर कलती केली, तोंडातून पोटात नळी घातली, भसकन वारा निघाला आणि खोलीभर आंबलेल्या ज्वारीचा वास! मग कसलंसं औषध थेंब थेंब सोडलं. पराग डॉक्टर मशीनवरची नजर काढेनात. किती वेळ गेला देव जाणे. मग म्हणाले, "चढतंय."

ऑपरेशन झालं. दिवस कलता कलता तांबू लटपटत उभी राहिली! मी म्हणालो, "सरलाबाई, बघ, उठली!" बघतो तर सरलाबाई भिंतीला घासत खाली.

पराग डॉक्टर धावले, दंडाला पट्टा बांधला. "काकू, बीपी लो आहे! जेवलात कधी?"

"काल सकाळी... लेकरू उपाशी राहणार, माझ्या घशाखाली कसं उतरेल? माझ्या वाटची भाकर पण तिलाच घातली."

आता बोला! संध्याकाळी तांबू आपल्या पायांनी टेम्पोत चढली आणि सरलाबाईला मी उचलून चढवली, मीठ-साखरेचं पाणी पाजत.

एका भाकरीनं काय होतं, हे आता मला विचारा. तांबूनं खाल्ली तर तांबूचं बीपी पडतं, सरलाबाईनं नाही खाल्ली तर सरलाबाईचं... आणि भाकर तीच हो, एकच!