दुसरा मल्हारी

डब्याचं झाकण टक्कन उघडलं आणि दिल्ली छावणीतल्या कचेरीतली शांतता मोडली. माझी लहानगी भक्ती मांडीवर होती. शेजारी एक निवृत्त फौजी आजोबा आणि त्यांची बायको.

"दोन घास खा. लोक पदक मागायला येतात, तुम्ही परत करायला आलात!"

"हौसा, ते माझं नाहीच."

"रेकॉर्डवर मल्हारी शेळकेच आहे ना?"

"पलटणीत दोन मल्हारी शेळके होतो. नंबरचे शेवटचे आकडे जोडून हाक मारायचे. मी एकेचाळीस, तो सत्त्याऐंशी. गोळीबारात जखमींना खाली आणलं त्यानं, तिथंच गेला. पदकाच्या कागदावर कचेरीतल्या बाबूनं लावला माझा नंबर."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो. साहेब म्हणाले, रहने दो, पदक पलटणीतच आहे."

"आणि गावातली तुमच्या नावाची कमान? नातू शाळेत सांगत फिरतो."

"त्याच्या बायकोला, विठाबाईला काय कळवलंय, माहितीय? नवरा दरडीखाली सापडून गेला."

"अगं बाई! तिला अजून हेच ठाऊक?"

"हो."

"मग उठा. तुम्हाला धड बोलता येत नाही, मी येते आत."

दोघं आत गेली. भक्तीनं दाराकडे बघत विचारलं,

"मम्मा, ते दुसरे आजोबा मेडल घ्यायला कधी येणार?"