द्राक्षाच्या पानांचा साचा

(नाशिक, पेठ रोडवरची खांब ओतायची शेड. एप्रिल २००३ ची दुपार.)

रूपाली : ...मी सांगतेय ना आई, ते खांब आपलेच होते. गंगापूर रोडच्या त्या नव्या लॉन्सवर, स्टेजच्या मागे ओळीनं उभे.

ठमाबाई : खांबासारखे खांब असत्यात. तू लग्नाला गेलतीस का खांब बघायला?

रूपाली : डोरिक असते तर मी गप्प बसले असते. साधा माथा, कुणीही ओततं. आयोनिकची ती मेंढ्याची शिंगंही आता गल्लोगल्ली दिसतात. पण हे कोरिंथियन होते, पानांचे. आणि पानं द्राक्षाची.

ठमाबाई : नाशकात द्राक्षाचं पान दिसलं, त्यात काय नवल?

रूपाली : खऱ्या कोरिंथियनवर द्राक्षाचं पान नसतं. दुसऱ्याच कुठल्या परदेशी झाडाचं असतं. अण्णांनी ते झाड कुठे पाहिलं होतं? देवळाली कॅम्पातल्या इंग्रजांच्या जुन्या बंगल्यांची डागडुजी करताना साधे खांब बघायला मिळाले, शिंगांचे मिळाले. पानांचा फक्त चित्रात, तोही अंगठ्याएवढा. म्हणून तर मला मामाच्या द्राक्षबागेत पिटाळलं होतं, पान आण म्हणून.

ठमाबाई : हां, आन बापाला तू आनून दिलंस अळीनं खाल्लेलं.

रूपाली : अण्णांनी शाडूत ते तसंच कोरलं, त्यावरून रबराचा साचा घेतला. एका कडेला चावा. काल स्टेजमागे जाऊन बोट लावून पाहिलं मी. चावा तिथेच आहे.

कुंदन : कसला चावा? ताई, बाहेर टेम्पो उभाय. भरायला माणसं दे ना.

रूपाली : ये, बस. पानांचा साचा कुठे आहे, कुंदन?

कुंदन : परत तेच? दिवाळीत फाटला ना. रबरच ते, किती टिकणार? कालव्यात टाकला, तुला सांगितलंय मी.

रूपाली : कालव्यातून वाहत त्या दुसऱ्या खांबवाल्या कारभारीच्या शेडमध्ये गेला का?

कुंदन : कोण बोललं तुला?

रूपाली : लॉन्सच्या मॅनेजरला म्हटलं, ही आमची डिझाइन. तो हसला. म्हणे, मॅडम, ही कारभारीशेठची, पेठ रोडवाले कॉपी मारतात.

कुंदन : बरं, दिला. कारभारी मला पार्टनर घेतोय. इथे माझं काय आहे? गिऱ्हाईक येतं ते तुझं नाव विचारत. मी आपला टेम्पो भरायचा.

रूपाली : मग भांडायचं होतंस माझ्याशी. अण्णांनी जाताना तुझ्यादेखत सांगितलं होतं, पानांचा साचा रूपालीचा. दिवाळीपासून मी गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवतेय, साचा गेला म्हणून. आणि तू शेजारी उभा राहून मान हलवत होतास.

कुंदन : मी एकट्यानं नाही केलं हे, ताई.

ठमाबाई : कुंदन, गप ऱ्हा.

रूपाली : एकट्यानं नाही म्हणजे? शेडची किल्ली... आई, किल्ली तर तुझ्या कमरेला असते.

ठमाबाई : असती.

रूपाली : म्हणजे तुला माहीत होतं.

ठमाबाई : मीच काढून दिला. बघायला येनारे इचारत्यात, पोरगी सिमेंटात हात घालती का म्हनून. तो साचा हाय तवर तू हितून हलनार नाय, हे दिसत व्हतं मला. आन पोराचं बी बघाया नको का? तुझ्या भल्याचंच केलं.

रूपाली : माझ्या भल्याचं होतं, तर मला सांगून का नाही केलंस?

ठमाबाई : तू देऊ दिला नसतास.

कुंदन : ताई, ऐक ना. कारभारीकडून एक तयार माथा आणतो, त्याच्यावरून तुला नवा साचा बनवून देतो. सेम टू सेम.

रूपाली : अण्णांच्या हातचं पान मी आता त्या माणसाकडून मागून आणू? जा, टेम्पो भर तू. माणसं घेऊन जा.

ठमाबाई : जाऊ दे त्याला. तू चल, जेवून घे. सकाळपासनं पोटात काय नाय.

रूपाली : दिवाळीत हा म्हणाला साचा फेकला, तेव्हा साचा कुठे होता, आई?

ठमाबाई : कशाला आता ते?

रूपाली : सांग.

ठमाबाई : माझ्या खाटंखाली. पोत्यात घालून.

रूपाली : मी त्याच खाटेवर बसून रडत होते. तू पदरानं माझे डोळे पुसलेस.

ठमाबाई : मला बी रडू आलं व्हतं, रूपा. ते काय खोटं नव्हतं.

रूपाली : खोटं असतं तर सोपं गेलं असतं मला.

ठमाबाई : चल ना जेवायला.

रूपाली : नको. मामाच्या बागेत जाऊन येते. नवं पान आणते, नवा माथा कोरते.

ठमाबाई : आत्ता कुठलं पान? छाटणी झाली. वेली उघड्याबोडक्या हायेत समद्या.

रूपाली : फुटतील. तोवर थांबेन मी. किल्ली सोड कमरेची, आई. ती आता माझ्याकडे राहील.